हवा उलटी फिरू नये म्हणून: टीबी कल्चरसाठी बीएसएल-३ उभारताना

क्षयरोगाच्या कल्चरची, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची, प्रयोगशाळा काढायची म्हटलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "टीबी ना? मग बीएसएल-३. विषय संपला." आमच्याकडेही सुरुवात अशीच झाली. बीएसएल म्हणजे जैवसुरक्षेची पातळी. पण ही पातळी नुसत्या जंतूच्या नावावरून ठरत नाही, त्या जंतूचं तुम्ही काय करणार आहात यावरून ठरते. थुंकीची काचपट्टी करून पाहायची किंवा नमुना जीनएक्सपर्ट या जनुकीय चाचणीच्या यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये भरायचा, तर हवा नीट खेळती असलेली साधी प्रयोगशाळा पुरते. थुंकीवर प्रक्रिया करून ती कल्चरला लावायची तर धोका एक पायरी वर जातो. आणि वाढलेली नळी उघडून औषधांची संवेदनशीलता तपासायची असेल तर सगळ्यात वर, कारण त्या नळीत जंतूंची दाटी थुंकीपेक्षा कितीतरी जास्त असते. व्हॉर्टेक्स (नळी घुसळणारं यंत्र), पिपेट आणि सेंट्रीफ्यूज (नळ्या वेगाने गरगर फिरवणारं यंत्र) या तिघांतूनही हवेत तरंगणारे बारीक थेंब उडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या टीबी प्रयोगशाळा पुस्तिकेत याच तीन पायऱ्या आहेत. २०२० च्या सर्वसाधारण पुस्तिकेत तर त्यांनी 'अमुक जंतू म्हणजे तमुक पातळी' हा सरधोपट हिशेबच सोडून दिला आणि प्रत्येक कामाच्या जोखमीवर भर दिला. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना बीएसएल-२ आणि ३ च्या उभारणीसाठी आणि बीएसएल-३ च्या प्रमाणपत्रासाठी आहेत.

म्हणून सर्वांत आधी बनवायचा कागद म्हणजे कामांची यादी: कोणती प्रक्रिया, किती नमुने, कोणतं यंत्र, थेंब कुठे उडू शकतात. नकाशा त्यानंतर. आर्किटेक्टला नकाशा आधी हवा असतो आणि तिथे थोडी घासाघीस होते, पण ती करावी. यादी नसेल तर बायोसेफ्टी कॅबिनेट (जंतूंचं काम ज्यात करतात ते हवा गाळणारं कपाट) किती, सेंट्रीफ्यूज कुठे, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) केवढा, यातलं काहीच नक्की होत नाही.

जागा निवडताना वरचा मजला आणि इमारतीचा कोपरा आम्हाला सोयीचा वाटला. एक्झॉस्टची, म्हणजे बाहेर टाकायच्या हवेची, डक्ट आखूड राहते, दुसऱ्या कुणाच्या छतातून न्यावी लागत नाही आणि गच्चीवर पंखे बसवता येतात. धुराड्याचं तोंड गच्चीपासून किमान ३ मीटर उंच आणि हवा साधारण १५ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकली जाईल असं. पावसासाठी त्यावर टोपी बसवायची सवय आपल्या फॅब्रिकेटरना असतेच. ती बसवू देऊ नका. टोपी हवेला परत गच्चीवर, म्हणजे बऱ्याचदा आपल्याच फ्रेश एअरच्या तोंडाकडे ढकलते. बाहेरून मोठं नळकांडं आणि मधल्या फटीतून पाणी गळून जाईल अशी धुराड्याची रचना मिळते. कोकणातल्या पावसातही ती चालते.

खोलीचा हिशेब उदाहरणाने सांगतो. ६ मीटर लांब, ४ रुंद, २.७ उंच, म्हणजे ६४.८ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ताशी सुमारे ७८० घनमीटर हवा आत द्यावी लागते. सगळी ताजी, परत फिरवलेली अजिबात नाही. बारा का? हवेत काही सांडलंच तर १२ बदलांना ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं लागतात आणि ९९.९ टक्के जायला ३५. सहा बदल ठेवले तर हीच वेळ दुप्पट होते. सांडल्यावर खोली किती वेळ बंद ठेवायची, तो आकडा या हिशेबातूनच येतो.

एक्झॉस्ट सप्लायपेक्षा, म्हणजे आत दिलेल्या हवेपेक्षा, जास्त ठेवायचा, आमच्या उदाहरणात ताशी ९०० घनमीटर. मधला १२० चा फरक दाराखालून आणि फटींतून आत येतो आणि त्यातूनच ऋण दाब तयार होतो. कॉरिडॉर शून्य, अँटरूम (प्रयोगशाळेआधीची छोटी खोली) उणे १५ पास्कल, प्रयोगशाळा उणे ३०. ९० सेंमी रुंद दाराखाली १ सेंमी फट असेल तर १५ पास्कलच्या फरकाला तिच्यातून ताशी जवळपास १०० घनमीटर हवा येते. इथवर सोपं. आता समजा छतात तेवढीच आणखी एक फट राहिली. पंखे तेच, फरक तोच १२०, पण फटीचं क्षेत्र दुप्पट. दाब दुप्पट फटीला निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. १५ चे साधारण ४ पास्कल. अशा वेळी ठेकेदाराचा ठरलेला उपाय म्हणजे पंखा वाढवणं. पंखा वाढवून गेजवरचा आकडा मिळतो, पण हवा दारातून यायच्या ऐवजी फॉल्स सीलिंगच्या धुळीतून येत राहते आणि दारातली हवेची दिशा डळमळीत होते. आधी फटी बुजवा, मग पंख्याला हात लावा.

आणि फटी कुठे असतात? पॅनेलच्या सांध्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं, तिथे सिलिकॉन व्यवस्थित भरलेलं असतं. गळतात ते विजेचे पाइप. कंड्युटच्या बाहेरून गोल सीलंट फिरवलेलं असतं, पण आतली, वायरींच्या भोवतालची पोकळी थेट स्विचबोर्डापासून छतावरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत उघडी असते. खोली उणे दाबाला आणून स्मोक पेन्सिल स्विचच्या फटीपाशी धरली की धुराची रेघ बोर्डापासून खोलीत ढकलली जाताना स्पष्ट दिसते, म्हणजे हवा तिथून येते आहे. प्रत्येक कंड्युट आतून भरून घ्यावा लागतो. तसंच लाइटच्या चौकटी, स्प्रिंकलरचा पाइप, डेटा केबल आणि एअर हँडलिंग युनिटच्या (हवा थंड करून आत ढकलणाऱ्या यंत्राच्या) ड्रेनचा यू-ट्रॅप, म्हणजे पाणी साठून हवा अडवणारं वळण. उन्हाळ्यात कॉइलला पाणी सुटत नाही, ट्रॅप कोरडा पडतो आणि तिथून हवा ये-जा करू लागते. या तपासणीला एक अख्खा दिवस द्या. छत बंद होण्यापूर्वी एकदा आणि बंद झाल्यावर परत एकदा.

भिंती, फरशी यांवर फार शब्द खर्चत नाही. पीयूएफ (फोम भरलेली) पॅनेल, गोलाई दिलेले कोपरे, सांधे वितळवून जोडलेलं विनाइल, न उघडणाऱ्या खिडक्या. जिप्समचं फॉल्स सीलिंग मात्र घेऊ नका, ओलाव्याने आणि फ्युमिगेशनने ते टिकत नाही. अँटरूमची दोन्ही दारं एका वेळी उघडणार नाहीत असा इंटरलॉक हवा, आणि आगीच्या वेळी तो आपोआप सुटला पाहिजे. आतून एक ठळक आपत्कालीन बटणही हवं.

कॅबिनेट आत कसं न्यायचं हे आधीच ठरवा. चार फुटी बायोसेफ्टी कॅबिनेट ९० सेंमीच्या दारातून जात नाही. एक तर शेवटचं पॅनेल उघडं ठेवायचं, नाहीतर दुपाखी दार घ्यायचं. उंचीकडेही लक्ष हवं. स्टँडवर ठेवलेल्या कॅबिनेटच्या वर थिंबल (फट ठेवून बसवलेली टोपीसारखी जोडणी) आणि डक्ट येते, शिवाय फिल्टरची चाचणी करणाऱ्याला हात घालायला किमान ३०-३५ सेंमी जागा लागते.

आम्ही क्लास २, टाइप ए-२ कॅबिनेट थिंबलने जोडलं. यात साधारण ७० टक्के हवा आतच फिरते आणि ३० टक्के हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून) बाहेर पडते. चार फूट रुंद, आठ इंची उघडं तोंड आणि मिनिटाला १०० फूट आत शिरणारी हवा धरली तर बाहेर पडणारी हवा ताशी साधारण ४५० घनमीटर होते. थिंबलच्या फटीतून थोडी खोलीतलीही ओढली जाते, म्हणून ५०० धरायची. म्हणजे आपल्या ९०० पैकी निम्म्याहून जास्त एक्झॉस्ट एकट्या कॅबिनेटच्या वाटेने जातो. उरलेले ४०० भिंतीतल्या खालच्या ग्रिलमधून. हा हिशेब न करता खोलीचा एक्झॉस्ट वेगळा आणि कॅबिनेटचा वेगळा काढला, की खोली हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त उणे दाबाला जाऊन बसते. घट्ट जोडणीपेक्षा थिंबल बरं, कारण इमारतीचा पंखा बंद पडला तरी कॅबिनेट स्वतःच्या पंख्यावर चालत राहतं आणि गाळलेली हवा खोलीत सोडतं. घट्ट जोडणीत कॅबिनेटचा जीव गच्चीवरच्या पंख्याच्या हातात असतो.

कॅबिनेटची जागा दारापासून आणि ये-जा असते तिथून लांब हवी, आणि वर सप्लायची हवा सोडणारा डिफ्यूजर नको. मिनिटाला १०० फूट हा आकडा मोठा वाटतो, पण तो म्हणजे अर्धा मीटर प्रति सेकंद. पाठीमागून चालत गेलेला माणूस याच्या दुप्पट वेगाने जातो. कमिशनिंगला, म्हणजे चालू करण्यापूर्वीच्या चाचण्यांत, आम्ही तोंडापाशी धूर सोडून कुणालातरी मागून नेहमीच्या चालीने जायला सांगायचो. हवेचा पडदा हलतो की नाही हे डोळ्यांनी दिसतं आणि तंत्रज्ञांना शिकवायला याहून चांगला धडा नाही. आत बर्नर नको. आणि पुढची जाळी म्हणजे रजिस्टर ठेवायची जागा नव्हे.

ऑटोक्लेव्ह दोन दारांचा, भिंतीत बसवलेला, यंत्रांची बाजू बाहेर. दुरुस्तीवाल्याला आत यावं लागू नये. भिंत आणि ऑटोक्लेव्ह यांच्यामधली चौकट हवाबंद असावी, आणि सुरुवातीला चेंबरमधून ओढली जाणारी हवा हेपा फिल्टरमधूनच बाहेर पडावी, कारण त्या क्षणी ती निर्जंतुक झालेली नसते. १२१ अंश, १५ पौंड दाब हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो आकडा ड्रेनपाशी मोजलेला असतो. पिशवीचं तोंड घट्ट बांधलं की आतली हवा अडकते, वाफ शिरत नाही आणि पिशवीचा गाभा बराच थंड राहतो. पिशवी अर्धी-पाऊण भरा, तोंड सैल ठेवा, आत थोडं पाणी घाला, आणि जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची जैविक चाचणी-नळी कचऱ्याच्या मधोमध ठेवून वेळ ठरवा. आमच्या भरणीला ३० मिनिटं पुरली नाहीत. प्रत्येक ठिकाणी भरणी वेगळी, त्यामुळे आमची वेळ इथे देऊन उपयोग नाही. ही प्रक्रिया झाल्यावरच पिशवी सामाईक जैववैद्यकीय कचरा केंद्राकडे जाते, २०१६ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे.

सांडपाण्याचा मार्ग जितका कमी तितका बरा. बाहेर पडायच्या दारापाशी कोपराने चालणारं एक हात धुण्याचं बेसिन, बस. द्रव कचरा जंतुनाशकात किंवा ऑटोक्लेव्हमध्ये. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पिरब्राइटच्या परिसरातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाहेर पडला. तेव्हा संशय जुन्या, तडकलेल्या सांडपाण्याच्या पाइपांवर गेला.

एक्झॉस्टच्या हेपा फिल्टरचं घर 'बॅग-इन बॅग-आउट' प्रकारचं घेतलं. फिल्टर बदलताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीतच बाहेर येतो, दोन्ही बाजूंना हवाबंद डॅम्पर (हवा अडवणाऱ्या झडपा) असतात आणि घरातच वायू सोडून निर्जंतुकीकरण करता येतं. नवा फिल्टर आला म्हणजे तो चांगलाच असतो असं नाही. वाहतुकीत कागदाला सुरकुती पडते, हातगाडीवरून उतरवताना कुणाचा तरी अंगठा घुसतो. म्हणून बसवल्यावर चाचणी: वरच्या बाजूला पीएओ तेलाचं धुकं सोडायचं, खालच्या बाजूला फोटोमीटरचा प्रोब सेकंदाला ५ सेंमीपेक्षा जास्त नाही अशा संथ गतीने फिरवायचा. कुठेही वरच्या धुक्याच्या ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त दिसलं की नापास. बहुतेकदा गळती कागदातून नसते, गॅस्केटपाशी असते, कारण एका कोपऱ्याचा बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातलेला असतो. समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे आवळत आणले की ती जाते. धुकं सोडायचं आणि नमुना घ्यायचं छिद्र डक्टवर आधीच ठेवायला सांगा. नंतर पाडलेलं छिद्र म्हणजे आणखी एक गळती.

इथपर्यंत सगळं नीट झालं की गेजवर उणे ३० दिसतं, फोटो निघतात आणि लोकांना वाटतं प्रयोगशाळा तयार झाली. खरं तर हा चांगल्या दिवसाचा आकडा. बीएसएल-३ ची परीक्षा आहे ती काहीतरी बंद पडल्यावर. त्यासाठी अमेरिकेत झेड ९.१४ नावाचं स्वतंत्र मानक आहे. अट साधी आहे: बिघाडात दाब शून्याकडे सरकला तर एकवेळ चालेल, पण हवा आतून बाहेर वाहता कामा नये.

पहिली चाचणी एक्झॉस्ट पंखा बंद करायची. बटण दाबलं, सप्लायही बंद झाला, सगळे खूश. पण बटण दाबून बंद होणं हा बिघाड नव्हे. पंखा पट्ट्याचा होता, म्हणून वीज तोडून, कुलूप लावून आम्ही पट्टा काढला आणि यंत्रणा परत सुरू केली. मोटर फिरते आहे, व्हीएफडीवर (मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर) नेहमीची हर्ट्झ दिसतात, बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या) पडद्यावर पंखा हिरवा. गच्चीवर पंखा मात्र जागेवर स्थिर. सप्लाय पूर्ण जोरात चालू आणि प्रयोगशाळा धन दाबात. दाराखालचा धूर कॉरिडॉरकडे निघाला. 'पंखा चालू' हा संकेत कॉन्टॅक्टरवरून, म्हणजे मोटरच्या विजेच्या स्विचवरून, घेतलेला होता, हवेवरून नाही. डक्टमध्ये हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर बसवला आणि सप्लायची परवानगी त्याच्याशी जोडली, तेव्हा ही गोष्ट सुटली. मोटरला थेट जोडलेला पंखा घेतला तर पट्ट्याची भानगड राहत नाही, पण सेन्सर तरीही हवाच.

मग वेळेचा प्रश्न आला. सेन्सरने सांगितलं, सप्लायला थांबायचा हुकूमही गेला, पण सप्लायच्या व्हीएफडीत थांबण्याचा वेळ ६० सेकंदांचा भरलेला होता, कारखान्यातून तसाच आलेला. म्हणजे एक मिनिटभर पंखा हळूहळू मंदावत हवा आत ढकलत राहिला. व्हीएफडी मोटर मोकळी सोडेल असं बदललं. पण सप्लायचा मोटरवाला डॅम्परही मिटायला मिनिटाच्या वर घेत होता. त्याच्या जागी वीज जाताच स्प्रिंगने झटकन मिटणारा ॲक्च्युएटर घातला. हे सगळं बीएमएसच्या आलेखावर दिसलं नव्हतं, कारण तो दर मिनिटाची सरासरी नोंदवत होता आणि सरासरी ऋणच येत होती. दर सेकंदाला नोंद करणारा लॉगर अँटरूम आणि प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी लावा, आणि त्याच वेळी दारापाशी धूर धरून एक माणूस बसवा.

दुसरी चाचणी मुख्य वीज घालवायची. आपल्याकडे ही तर रोजची गोष्ट. डीजी (डिझेल जनरेटर) भार घ्यायला १०-१५ सेकंद घेतो. तेवढ्यात कॅबिनेट यूपीएसवर चालू राहिलं पाहिजे, म्हणजे आत हात असलेल्या माणसाला नळीचं झाकण लावता येतं. वीज परत आल्यावर एक्झॉस्ट आधी, त्याचा प्रवाह सिद्ध झाल्यावरच सप्लाय. इथे दोन गोष्टी फसतात. व्हीएफडीचा आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंदच असतो, त्यामुळे डीजी आला तरी पंखे गप्प उभे. आणि डीजीवरून परत मुख्य विजेवर येताना दुसरा झटका बसतो, त्याची चाचणी कुणी करत नाही. ती करा.

तिसरी चाचणी दोन एक्झॉस्ट पंख्यांमधल्या अदलाबदलीची. चालू पंखा पाडल्यावर राखीव पंखा उचलतो, पण बंद पंख्याचा उलट-हवा डॅम्पर अर्धवट अडकलेला असेल तर नवा पंखा खोलीतून हवा ओढायचं सोडून शेजारच्या बंद पंख्याच्या धुराड्यातून ओढतो. गच्चीवर पंखा जोरात चालतो आणि खाली दाब येत नाही. डॅम्परच्या दांड्यावर ग्रीस आणि पाती मिटल्याची खात्री देणारा स्विच, एवढ्याने भागतं.

चौथी, सप्लाय बंद. दिशा सुरक्षितच राहते, पण खोली खोल उणे होते. ०.९ बाय २.१ मीटरच्या दारावर ३० पास्कलला साधारण पावणेसहा किलोचा जोर येतो, १०० पास्कलला एकोणीस किलोचा. दार खोलीबाहेरच्या दिशेने उघडत असेल तर आतल्या माणसाला एवढा जोर ढकलून बाहेर पडायचं असतं. छताची पॅनेलं वाकून सीलंट फाटतं ते वेगळंच. एक्झॉस्टच्या व्हीएफडीला खोलीच्या दाबावरून वेग कमी करायला लावलं, मात्र त्याला खालची मर्यादा घालून.

अलार्मबद्दल एक. फिल्टरवरचा दाब-फरक नव्या फिल्टरला साधारण २५० पास्कल असतो आणि दुप्पट झाला की फिल्टर बदलायचा, म्हणून वरच्या मर्यादेचा अलार्म सगळे लावतात. खालच्या मर्यादेचा फारसा कुणी लावत नाही. फिल्टर फाटला, किंवा बसवायचाच राहिला, तर फरक कमी होतो. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू बाहेर पडले आणि किमान ६६ माणसं दगावली. एक्झॉस्टचा फिल्टर काढलेला असताना यंत्रणा सुरू केली गेली, असं त्याचं कारण नंतर पुढे आलं. आमच्या यंत्रणेत फरक ठरलेल्या आकड्याखाली गेला की पंखा थांबतो आणि किल्ली फिरवल्याशिवाय परत सुरू होत नाही.

प्रमाणपत्राच्या तपासणीला हेच सगळे कागद लागतात: हवेचं संतुलन, फिल्टरच्या चाचण्या, कॅबिनेटची चाचणी, ऑटोक्लेव्हचे जैविक निकाल, बिघाड-चाचण्यांचे सेकंदवार आलेख, कामाच्या पद्धती, प्रशिक्षणाची आणि आरोग्य-तपासणीची नोंद. कागद काम करतानाच तयार केले तर तपासणीचा दिवस शांतपणे जातो.

चालू झाल्यावर रोज सकाळी आत शिरण्यापूर्वी अँटरूमबाहेरचं मॅग्नेहेलिक गेज (सुईचं दाबमापक) वाचून वहीत लिहायचं. बीएमएस असला तरी. संगणकाचा पडदा गोठतो, गेजची सुई गोठत नाही. फक्त तिचं शून्य वर्षातून एकदा तपासावं. सुई रोज थोडी थोडी जास्त उणे होत असेल तर सप्लायचे प्री-फिल्टर धुळीने बसलेत, मार्च-एप्रिलमध्ये हे हमखास होतं. थोडी थोडी शून्याकडे येत असेल तर एक्झॉस्टचा हेपा भरत आला किंवा पट्टा सैल झाला. एकदम उडी मारली असेल तर छतात नवीन छिद्र पडलंय का बघा. बहुतेकदा कुणीतरी सीसीटीव्हीची किंवा इंटरनेटची केबल टाकून गेलेलं असतं.

रात्री पंखे बंद करू नका, वेग कमी करा. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या खोलीत सकाळी सगळ्या स्टीलवर दव असतं आणि आठवड्याभरात डक्टच्या इन्सुलेशनला बुरशी लागते. वार्षिक खर्चात वीज, फिल्टर, कॅबिनेटची आणि हेपाची पुनर्चाचणी, ऑटोक्लेव्हचं गॅस्केट आणि डीजीची बॅटरी हे वेगवेगळ्या ओळींत मागा. 'देखभाल' अशी एकच ओळ टाकली की वित्त विभाग पहिली कात्री तिथेच लावतो, आणि मग पुनर्चाचणी पुढच्या वर्षावर जाते.